गोजरानं वेचलेली माती

ऐका. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, आज वाट मळलेली आहे. फार वर्षांपूर्वी तीही नव्हती, तेव्हा तिथं गोजरा नावाची धनगरीण राहायची, एकुलत्या लेकीला, हौसाला घेऊन. कातळाच्या चिरेत उगवणारी चिरेल ही औषधी वनस्पती फक्त तिलाच ओळखू यायची. शेजारी हुबेहूब तशीच दुसरी उगवायची, विषारी. गोजरा पान उलटं करून बोट फिरवायची. खरखरीत लागलं तर चिरेल. मूठभर खडी भरून, ओंजळभर पाण्यावर तिनं ती चिरेचिरेत जगवली होती. असं म्हणतात, त्या कडू रसानं कसलाही ताप दिवस मावळायच्या आत उतरायचा.

रायाजी पाटलाचा मुलगा त्याच रसानं वाचला. पाटील भारावून सड्यावर आला.

"गोजरे, तुझी झाडं उपाशी दिसतात गं. तू माहेरी जाऊन ये, आम्ही बघतो त्यांच्याकडं."

"त्यांना उपाशीच ठेवायचं असतं, पाटील."

पण शहाण्या माणसांना धनगरणीनं काय शिकवायचं? ती हौसाला घेऊन माहेरी गेली आणि अख्ख्या गावानं काळी माती, शेणखत, घागरीच्या घागरी पाणी वर वाहिलं. महिन्यानं ती परतली तर पानं तळहाताएवढी झालेली, गाव कौतुकानं उभं. गोजरानं एक पान चावून बघितलं. ते कडू लागलं नाही. तिनं ते थुंकून टाकलं.

त्याच सुमारास, चैत्रात, हौसाला ताप भरला. गोजरानं टोपलीभर पानं वाटून पाजली. पाणी पाजावं तसं झालं. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

"आम्ही भल्यासाठीच केलं," पाटील म्हणाला.

"मी सांगितलं होतं," एवढंच गोजरा बोलली.

मग ती चिरांतली माती नखांनी उकरून पदरातून खाली टाकू लागली. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं, गावानं केलेले उपकार विसरली. एक हात मदतीला गेला नाही. असं म्हणतात, शेवटची चीर रिकामी झाली त्या दिवसापासून ती कुणाला दिसली नाही. वर्षानं त्याच चिरेत, तिच्या नखांचं रक्त सांडलं होतं तिथं, एक रोप आलं. पान खरखरीत होतं आणि कडूजहर. तेव्हा गाव रडलं. काय उपयोग?

अजून चैत्रात सगळं गाव सड्यावर जातं. पाण्याचा थेंब कुणी नेत नाही. चिरांतली माती नखांनी काढायची, एकेक कडू पान चावायचं, वर गूळ खायचा नाही. पाटलाच्या घरचा माणूस सर्वांत शेवटी खाली उतरतो आणि गावाला आपली नखं दाखवतो.