कनवाळू खुंटी

आई भवानीची शपथ, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली. आता ती माझ्या जन्माआधी घडली, हा भाग वेगळा.

फार मागे हैबती गोंधळ्याने नवं तुणतुणं केलं. एक तार आणि ती पिळायला एक खुंटी. हैबती खुंटी पिळायला लागला की तार कुईं करायची. खुंटीचं काळीज कळवळायचं, ती हळूच मागे फिरायची आणि तार पुन्हा सैल पडायची.

सकाळपासून हेच चाललेलं, आणि संध्याकाळी गोंधळ उभा राहायचा होता. हैबती वैतागला. "ठके, चूल पेटव. ही खुंटीच घालतो तिच्यात!"

"अहो, आधी खडू तरी चोळून बघा," बायको म्हणाली. "मग घसरायची नाही."

चुलीचं नाव ऐकून तार घाबरली. "अगं बये, सारखी सोडतेस का मला?"

"तुला दुखतं ना, म्हणून."

"दुखतंच. पण तू सोडलंस की तो पहिल्यापासून पिळतो. एकदाच काय ते दुखू दे, आणि धरून ठेव मला."

हैबतीने खडू चोळला आणि शेवटचं पिळलं. तार किंचाळली. खुंटीने डोळे गच्च मिटले, पण हलली नाही. हैबतीने तार छेडली, तर असा सूर निघाला की ठकूबाई त्याच ठेक्यावर भाकरी थापायला लागली.

"बघा, खडूने काम केलं!" ती म्हणाली.

खुंटी आणि तार बोलल्या, यात रतीभर खोटं नाही. खडूचं तेवढं मी पदरचं घातलं. हैबतीच्या घरात खडू कुठला?