आडातली भूक

एका राज्यात जेवताना 'पुरे' म्हणायला बंदी होती. तिथल्या भोगसेन राजाला रिकामं ताट हा यजमानाचा अपमान वाटे, आणि 'पुरे' म्हणणाऱ्याची जीभ छाटली जाई. मग काय, वाढणारे वाढतच राहत आणि पानातलं उरलेलं राजवाड्यामागच्या कोरड्या आडात जाई. सात वर्षं हे चाललं.

एके दिवशी भर दुपारी आड बोलला, "भूक लागली." आणि शेवटचं पातेलं ज्याने त्यात ओतलं होतं, त्याचं नाव घेतलं. तीन दुपारी घेतलं. तिसऱ्या दुपारी तो आचारी उघड्या डोळ्यांनी चालत गेला आणि आडात उतरला. राजाच्या मुदपाकखान्यातले अकरा जण असे गेले.

बारावं नाव आलं शेवंतीचं. सगुणा आचारिणीची ती एकुलती एक लेक. सगुणेच्या हातातली पळी गळून पडली. ते पातेलं लेकीच्या हाती तिनेच दिलं होतं.

आडाच्या काठावर एक साळुंकी बसली होती. सगुणेने तिच्यापुढे पदर पसरला.

"पक्षिणी, आत कोण आहे?"

"तुम्ही टाकलेलं अन्न. आता त्यालाच भूक लागली आहे."

"माझी लेक कशी वाचेल?"

"शिळ्याचं ताजं कर. सालींचं जेवण कर. आणि राजाच्या तोंडून 'पुरे' वदव."

त्याच दिवशी सगुणेने शिळ्या भाताला फोडणी दिली, पोळ्या चुरून गुळातुपात लाडू वळले. आडात शीतही गेलं नाही. आड गुरगुरला. दुसऱ्या दिवशी तिने दोडक्याच्या शिरांची चटणी तिळाबरोबर खमंग परतली, आणि लोकांनी बोटं चाटली. पण आडाने शेवंतीला हाक मारलीच.

तिसऱ्या दुपारी सगुणा राजाला वाढायला उभी राहिली. खिडकीतून शेवंती आडाकडे चालताना दिसत होती. ओरडून उपयोग नव्हता, जाणाऱ्याला ऐकू येत नसे.

सगुणेने एकच मूद वाढली आणि हात थांबवला.

"महाराज, किती वाढू?"

राजाचा हात तलवारीकडे गेला. "हे विचारायचं नसतं."

"भूक आपली आहे, महाराज. ती माझ्या हाताला कशी कळावी? ढीगभर वाढते, पण उरेल ते आडात ओतायला आपणच चला. मुदपाकखान्यात आता दुसरं कुणी राहिलं नाही."

राजा पांढराफटक पडला. त्याने भराभर मूद संपवली. बाहेर शेवंतीने काठावर पाय ठेवला. सगुणेने पुन्हा पळी उचलली, तोच राजाने ताटावर आडवा हात धरला.

"पुरे."

आडाच्या तळाशी झरा फुटला. पाण्याबरोबर अकराही जण वर आले, झोपेतून उठल्यासारखे. राजाने त्याच पंगतीत आपली आज्ञा मागे घेतली.

सगुणा धावत काठाशी पोचली. शेवंतीने डोळे मिटले, उघडले.

"आई, भूक लागली."

त्या शब्दांनी सगुणेच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तिने लेकीला पोटाशी धरलं आणि विचारलं, "किती वाढू, बाळ?"