कोरडीच्या माळावरची हजेरी

"उजवी फळी नाल्याच्या अलीकडं उभी होती की पलीकडं?"

बाभळीखाली बसलेले भैरवगिरी गोसावी तळपायातला काटा काढण्यात गुंतले होते.

प्राध्यापक कारखानीसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला जरा चढ्या आवाजात.

सात वर्षं त्यांनी या एका लढाईच्या पायी घालवली होती. वेळूरच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ याच माळावर एकमेकांवर चालून आले. कोणाची किती पथकं, आघाडीला कोण, पिछाडीला कोण, सगळं त्यांनी जुन्या दप्तरांतून खणून काढलं होतं. नकाशाही तयार होता. फक्त दोन फौजांमधली रेघ ओढायची राहिली होती. गावात सगळ्यांनी एकच सांगितलं, माळाचं काय ते गोसावीबाबांना विचारा.

"मला काय विचारता, मास्तर? मी थोडाच लढलो?"

"मग कोणाला विचारू?"

"त्यांनाच. नावं आहेत ना तुमच्याकडं?"

"आहेत. दोन्ही फौजांची."

"मग घ्या की हजेरी."

कारखानीस हसले. म्हाताऱ्याची गंमत करावी म्हणून त्यांनी थोरल्या भावाच्या फौजेची यादी काढली आणि खड्या आवाजात पहिलं नाव वाचलं.

"रायाजी धुमाळ!"

भर दुपार. माळावर चिटपाखरू नव्हतं...

"जी."

आवाज नाल्याच्या पूर्वेकडून आला. जमिनीलगतून. दमलेल्या माणसाचा असावा तसा.

कारखानीस दचकून तिकडं वळले. पण नकाशात थोरल्याची फळी पूर्वेलाच होती! भीतीतही त्यांना आनंद झाला. त्यांनी दुसरं नाव वाचलं, तिसरं वाचलं. प्रत्येक नावाला पूर्वेकडून "जी" आलं.

"बघितलंत बाबा? माझं बरोबर होतं."

"दुसरी यादी राहिली."

कारखानीसांनी धाकट्याची यादी उघडली आणि पश्चिमेकडं तोंड करून उभे राहिले.

"संताजी वाघमोडे!"

"जी."

आवाज पाठीमागून आला. पूर्वेकडून. त्याच जागेवरून.

त्यांनी पुढचं नाव वाचलं. पुन्हा तिथूनच.

"हे चुकतंय," ते म्हणाले. "धाकट्याची माणसं तिकडं कशी? ती पश्चिमेला होती. माझ्याकडं पुरावा आहे."

भैरवगिरी उठले. त्यांनी कारखानीसांच्या हातून दोन्ही याद्या घेतल्या, एकात एक मिसळल्या आणि मधलाच एक कागद ओढला.

"वाचता येतं तुम्हाला?" कारखानीसांनी विचारलं.

"नाही."

मग कागदाकडं न बघताच त्यांनी हाक दिली, "मानाजी इंगवले!"

माळ गप्प राहिला. पूर्वेकडून काही नाही. पश्चिमेकडून काही नाही...

"जी," कारखानीस म्हणाले.

त्यांनी झटकन तोंडावर हात दाबला. तो शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. पण निघाला होता त्यांच्याच तोंडातून. जिभेवर माती लागत होती.

मानाजीचं नाव कोणत्या यादीतलं, ते त्यांना आठवेना. कारखानीसांचे पाय आपोआप पूर्वेकडं वळले होते. ते त्यांनी कसेबसे रोखून धरले.

"बाबा..." त्यांनी विचारलं. "हा मानाजी... म्हणजे मी... कोणाकडचा?"

भैरवगिरींनी बाभळीच्या सावलीत त्यांच्यासाठी जागा केली.

"बसा. मातीखालचे सगळेही मला रोज हेच विचारतात."