मुंगीचं बाळ कार्डामागं

एक होती मुंगी. तिला एक बाळ होतं. पांढरं, साखरेच्या दाण्याएवढं. त्याला अजून पायही नव्हते.

मुंगी घर बदलत होती. बाळाला तोंडात धरून चालली, चालली, दमली. टेबलावर होती कॉम्प्युटरची पेटी. पेटीला मागं एक फट होती. आत छान ऊब होती. मुंगीनं बाळ फटीत ठेवलं.

"इथंच नीज हं. पाणी पिऊन येते."

मुंगी गेली, तुरुतुरु.

तेवढ्यात बकुळआत्या आली. तिनं पेटी उघडली. नवं कार्ड आणलं होतं ना, चित्रं छान दिसावीत म्हणून! फटीपाशी कार्ड बसवलं, टक्! स्क्रू पिळला, किर्र किर्र! पेटी मिटली. कॉम्प्युटर लावला, घुर्रर्र!

मुंगी आली. बघते तर फट नाही! बाळ आत! आणि पेटी तापायला लागलेली. मुंगीला रडू फुटलं.

"कार्डदादा, कार्डदादा, हल ना! बाळ माझं मिळेना."

कार्ड म्हणालं, "स्क्रू सुटल्याशिवाय मी हलत नाही. जा!"

मुंगी गेली, तुरुतुरु.

"स्क्रूदादा, स्क्रूदादा, सूट ना! कार्ड हलेना, बाळ माझं मिळेना."

स्क्रू म्हणाला, "स्क्रूड्रायव्हर फिरल्याशिवाय मी सुटत नाही. जा!"

मुंगी गेली, तुरुतुरु.

"स्क्रूड्रायव्हरदादा, फिर ना! स्क्रू सुटेना, कार्ड हलेना, बाळ माझं मिळेना."

स्क्रूड्रायव्हर म्हणाला, "आत्या उठल्याशिवाय मी फिरत नाही. जा!"

मुंगी गेली, तुरुतुरु.

"आत्या, आत्या, ऊठ ना! स्क्रूड्रायव्हर फिरेना, स्क्रू सुटेना, कार्ड हलेना, बाळ माझं मिळेना."

आत्या म्हणाली, "अगं, वीज आहे ती! प्लग निघाल्याशिवाय मी उठत नाही. जा!"

मुंगी गेली, तुरुतुरु.

"प्लगदादा, प्लगदादा, निघ ना! आत्या उठेना, स्क्रूड्रायव्हर फिरेना, स्क्रू सुटेना, कार्ड हलेना, बाळ माझं मिळेना."

प्लग म्हणाला, "बटण दबल्याशिवाय मी निघत नाही. जा!"

सगळे शहाणे! जो तो म्हणतो, आधी तो, मग मी.

मुंगी भिंतीवर चढली. बटण दाबलं. डोक्यानं दाबलं. सगळं अंग लावलं. बटण दबेना.

बटणाच्या वर बसली होती पाल. पाल मुंग्या खाते, ठाऊक आहे ना? मुंगीलाही ठाऊक होतं. तरी ती पालीसमोर उभी राहिली.

"पालमावशी, पालमावशी, बटण दाब ना! बटण दबेना, प्लग निघेना, आत्या उठेना, स्क्रूड्रायव्हर फिरेना, स्क्रू सुटेना, कार्ड हलेना, बाळ माझं मिळेना. आधी बाळ सोडव. मग मला खा."

पालीनं मागं वळून बघितलं. तिथं फळीच्या आड तिचं अंडं होतं. पांढरं, वाटाण्याएवढं.

पाल "जा" म्हणाली नाही. पालीनं उडी मारली, थप्प!

बटण दबलं, खट्! घुर्रर्र थांबलं. प्लग निघाला, सुळ्कन! आत्या उठली. पेटी उघडली. आधी पत्र्याला हात टेकवला, अंगातली वीज उतरवली. स्क्रूड्रायव्हर फिरला, किर्र किर्र! स्क्रू सुटला, टिंग! कार्ड हललं.

आणि बाळ दिसलं.

"अगंबाई, एवढंसं!" आत्या म्हणाली. कार्ड हातात धरून ती थांबली. मुंगीनं बाळ उचललं. मग कार्ड परत बसलं, टक्!

मुंगीची वाट पालीसमोरूनच होती. मुंगी पळाली नाही. बाळाला खाली ठेवून म्हणाली, "पालमावशी, मी आले."

पालीनं मान भिंतीकडे वळवली.

मुंगी बाळ घेऊन गेली, तुरुतुरु, तुरुतुरु.

मुंगीचं बाळ मुंगीपाशी. पालीचं अंडं पालीपाशी. आणि माझं बाळ माझ्यापाशी. नीज आता.