धुराच्या नळीतली झडप

गाड्यांना पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारे कार्बुरेटर असायचे, त्या काळची गोष्ट. पाचगणीच्या भिलारेकाकांची जीप हिवाळ्यात स्ट्रॉबेरी घेऊन साताऱ्याला जायची. इंजिन गार असलं की धुराच्या नळीतली झडप मिटायची आणि गरम धूर कार्बुरेटरखाली वळवायची; इंजिन तापलं की उघडायची.

एकदा गंजून ती मिटलेलीच राहिली. कार्बुरेटर कावून मिस्त्रीला म्हणाला, "अहो, भाजलो मी! काढा हिला!"

झडप म्हणाली, "अहो, थेंबभर तेल घाला, उघडते मी."

"रोजची कटकटच नको," म्हणत मिस्त्रीने तिला उपटून भंगारात टाकलं.

डिसेंबरात गारठलेलं पेट्रोल नीट पेटेना. जीप सुरू होऊन दारातच चारदा बंद पडली. तिकडे स्ट्रॉबेरीचा लिलाव सुरू झाला, इकडे काका डोक्याला हात लावून बसले.

"नळीबाई, जरा ऊब द्या हो!" कार्बुरेटर कुडकुडला.

नळी वैतागली. "ऊब ढीगभर आहे रे बाबा! ती तुझ्याकडे वळवणारी एकच होती, तिला तूच हाकललंस."