सुकदेवचा पेढा

“आता तरी अनुग्रह द्याल ना, बुवा?”

अच्युतने पेढ्यांचा पुडा धुनीजवळ ठेवला.

हरनाथबुवांनी पुड्याकडे पाहिलं. “कसले?”

“मशीनचे. आज नगरपालिकेत पूजा झाली.”

सहा वर्षांपूर्वी स्टँडमागच्या गटारात सफाईला उतरलेला भिवा जिवंत वर आला नाही. त्याला दोराने ओढून काढलं तेव्हा अच्युत काठावर उभा होता. शिकून इंजिनियर झालेला, आणि अनुग्रहासाठी रोज मठात येऊन बसणारा. बुवांनी त्याला त्याच दिवशी मठातून उठवलं.

“गटारात पुन्हा माणूस उतरणार नाही असं काही कर. मग ये.”

त्याने केलं. नोकरी सोडली. लोखंडाचा हात बनवला. वर उभं राहून कळ दाबायची. हात खाली जातो, गाळ उपसून वर येतो.

“चालतं का?” बुवांनी विचारलं.

“तीन दिवस चालवून बघितलं. भिवा गेला तेच गटार. तळापर्यंत साफ.”

“चालवणार कोण?”

“भिवाचा सुकदेव. मीच शिकवलं त्याला. बुवा, तो आता कधी आत उतरणार नाही. बापासारखा मरणार नाही.”

“नाही मरणार. चांगलं केलंस.”

अच्युत सरसावून बसला.

“पूजा कुणी केली?”

“नगराध्यक्षाबाईंनी. हळदकुंकू वाहिलं, हार घातला. मग सगळ्यांनी मशीनवर हात ठेवून फोटो काढले.”

“कालपर्यंत मैल्यात होतं ना ते?”

अच्युत हसला. “धुतलं की, बुवा. दोनदा.”

“आणि सुकदेव?”

“होता ना. आंघोळ करून, नवा शर्ट घालून आला होता.”

“त्याला पेढा दिला?”

“दिला.”

“कसा?”

अच्युतने पुडा बुवांच्या पुढे सरकवला.

बुवांनी पुड्यातला एक पेढा उचलला. “हात पुढं कर.”

अच्युतने हात पुढे केला. बुवांनी आपला हात डोक्याएवढा वर नेला आणि तिथून पेढा सोडला. तो अच्युतच्या बोटांना लागून राखेत पडला.

“असा?”

अच्युतने मान खाली घातली.

“मी नाही टाकला, बुवा. बाईंनी टाकला.”

“तू कुठं होतास?”

“शेजारी.”

“बोललास?”

“पहिलाच दिवस होता. बोललो असतो तर मशीन परत पाठवलं असतं त्यांनी. मग सुकदेवच उतरला असता आत.”

“उतरला असता. खरं आहे.”

“मग मी काय करायचं होतं?”

बुवा धुनीतलं लाकूड आत सारत राहिले…

“सुकदेव काय म्हणाला?”

“काही नाही. वाकून उचलला.”

“खाल्ला?”

“खिशात ठेवला.”

शेवटी अच्युतनेच धीर केला.

“मग… अनुग्रह?”

बुवांनी पुडा बांधला. उठून त्याच्याजवळ गेले आणि पुडा त्याच्या हातात ठेवला.

“लोखंड धुतलं की सगळे हात लावतात. आता सुकदेवला लोखंडाचा कर. मग ये.”