साहेब जागेवर नाहीत

वॉर्ड ऑफिससमोर भिकोबा पाटोळेंची सँडविचची गाडी होती. परवान्यावर सही हवी म्हणून चार महिने ते ऑफिसचे जिने चढत होते. खिडकीवर ठरलेलं उत्तर मिळायचं, "साहेब खाली सँडविच खायला गेलेत."

गुडघे सांभाळत खाली यावं, तर देवस्थळी साहेब खरोखरच गाडीपाशी. भिकोबांच्या बायकोनं, चंद्रभागाबाईंनी, करून दिलेलं टोस्ट सँडविच खात उभे. कागद पुढे केला की म्हणायचे, "ऑफिसची कामं ऑफिसात. वर या."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत गाडीपुढे रांग लागली होती. साहेब रांग मोडून पुढे आले, सँडविच घेतलं आणि पहिल्याच घासाला कुरकुरले, "चटणी कमी आहे. आणि परवाना संपलाय ना तुमचा? उद्या गाडीच उचलायला लावतो."

भिकोबांच्या अंगात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. सुरी पुसत ते म्हणाले, "उचलाच साहेब. गाडी नसली की तुम्ही जागेवर सापडाल. मग सही होईल, आणि परवा मी गाडी परत लावीन."

रांग खो खो हसली. साहेबांनी पेन काढलं आणि तिथंच सही केली.

मान वर केली, तर रांगेतल्या तिघांनी आपापल्या फायली पुढे धरल्या होत्या.